नामधारी महाराज आणि गेटवरून गायब झालेली नावं

"नाम है तो?"

"जान है!" गर्दी ओरडली.

"और नाम गया तो?"

यावर मात्र कुणी ओरडलं नाही. बायांनी पदर तोंडाला लावले, बाप्यांनी टोप्या काढल्या, आणि नामधारी महाराजांनी ती शांतता चांगली मुरू दिली. जालना एमआयडीसीच्या मागच्या बाजूला एक वजनकाटा बरेच दिवस बंद पडला होता. त्याच्या पत्र्याच्या शेडमध्ये महाराजांचा दरबार भरे. आज पाय ठेवायला जागा नव्हती. बियाण्याच्या कारखान्यातून सुटलेली माणसं तशीच इकडं आली होती. बियाण्याला लावायच्या औषधाने त्यांची बोटं अजून गुलाबी होती.

महाराजांच्या पुढ्यात सोनूबाई उभी होती. तीही त्याच कारखान्यातली, बी निवडायच्या पट्ट्यावरची. 

"माझं नाव गेल्तं हो! गेटवरच्या मशिनीत दिसतच न्हवतं. महाराजांनी नारळावर फुंकलं, मला घरी बसायला सांगितलं, आन् आज सकाळी गेले तर माझा फोटूसकट नाव आलं!"

"जय हो!" गर्दीतून आवाज उठला.

"बेटा, यात माझं काय?" महाराज डोळे मिटून म्हणाले. "वरती चित्रगुप्ताचं मोठं सर्व्हर हाये. तिथून नाव डिलीट झालं की खालच्या मशिनीत दिसत न्हाई. मी फक्त वरती कॉल लावतो आन् नाव रीचार्ज करून आणतो."

महाराज पूर्वी परतूरला सिमकार्ड विकत. दाढी वाढली, भगवं आलं, पण रीचार्ज हा शब्द काही जिभेवरून उतरला नव्हता. पोस्टपेडवाल्या भक्तांचं वर काय होत असेल, हे विचारायची कुणाची हिंमत नव्हती.

गर्दीच्या मागे उभ्या असलेल्या रेणुकाच्या मनात मात्र तेच आलं. ती स्वखुशीने आली नव्हती. सासू साखराबाईने तिला मनगट धरून आणलं होतं, कारण सोमवारपासून रेणुकाचंही नाव गेटवर दिसत नव्हतं.

ही नावाची भानगड दिवाळीनंतर सुरू झाली. कारखान्याच्या कामगार गेटवर कंपनीने संगणक बसवला होता. गेटवरचे साहेबराव येणाऱ्याचं नाव त्यात टाकत, पडद्यावर फोटो आला की खणखणीत आवाजात नाव पुकारत आणि आत सोडत. एका सकाळी रामकिसन नावाच्या जुन्या हमालाचं नाव पडद्यावर येईना. ओळखीचा माणूस, म्हणून साहेबरावांनी त्याला तसंच आत घेतलं. त्याच संध्याकाळी घरी जाताना रामकिसनची मोटारसायकल रस्त्यावर उभ्या असलेल्या उसाच्या ट्रॉलीवर मागून आदळली आणि तो जागीच गेला.

बस्स. पुढच्या आठवड्यात आणखी काही नावं दिसेनाशी झाली, आणि मशीन ज्याचं नाव गिळतं तो जातो, ही गोष्ट जुन्या जालन्यातल्या गल्ल्यांपासून थेट वाटूरच्या फाट्यापर्यंत पोचली. त्या बाकीच्या लोकांपैकी कुणाला साधी सर्दीसुद्धा झालेली नाही, हे कुणी ध्यानातच घेतलं नाही. नामधारी महाराज तेवढ्यात प्रकट झाले.

महाराजांनी आता रेणुकाकडे बोट केलं. "ही तुझी सून? हिचं नाव गेलंय. माय, ज्या घरात बिननावाची बाई नांदती, त्या घरचा कर्ता गडी धोक्यात असतो."

साखराबाई दोन पावलं पुढे सरकली. तिचा कर्ता गडी म्हणजे एकुलता एक रामेश्वर, रेणुकाचा नवरा. "महाराज, काय करू मंग?"

"शनिवारी हिला आण. नाव आणून देतो. तवर गेटाकडं फिरकू नगं म्हणावं. आन् एक ध्यानात ठेवा सगळ्यांनी. ज्यानं तुम्हाला कामाला लावलं, त्या मुकादमाचा हात सोडू नका. हात सुटला की नाव सुटतं."

साखराबाईने पदराच्या गाठीची नोट काढली, तर महाराजांनी हात मागे घेतला. पैशाला ते शिवत नसत. गर्दी पुन्हा गहिवरली.

घरी आल्यावर वाद पेटला.

"आत्या, मी उद्या कामाला जाणार," रेणुका म्हणाली.

"खबरदार! माझ्या लेकाच्या जिवावर उठलीस का?"

"सहा हंगाम झाले मी तिथं राबून राह्यले. दोन दिवस गेले न्हाई तर माझ्या जागी दुसरी येती. मंग घर काय महाराज चालवणार हाये का?"

रामेश्वर भिंतीला टेकून बसला होता. त्याचा महाराजांवर पुरता विश्वास नव्हता, पण अविश्वास दाखवायचा धीरही नव्हता. "शनिवारी जाऊन येऊ ना एकदा," तो हळूच म्हणाला. "आपलं काय जाऊन राह्यलं? ते पैसाबी घेत न्हाईत."

"तेच तर म्हणते मी!" साखराबाई म्हणाली. "पैसा घेत न्हाईत, मंग खोटं कशापायी बोलतील?"

याला रेणुकाकडे उत्तर नव्हतं. लुच्चा माणूस पैसा मागतो, हे तिलाही ठाऊक होतं. न मागणारा लुच्चा तिने पाहिला नव्हता. पण उत्तर सापडलं नाही म्हणून भीती खरी मानायची, हे तिच्या स्वभावात बसत नव्हतं. सकाळी सासू देवपूजेला बसली तशी ती निघाली आणि साहेबरावांच्या कपाळावरच्या आठ्यांकडे न बघता आत शिरली.

रेणुका विज्ञानाची पदवीधर होती आणि कारखान्याच्या उगवण प्रयोगशाळेत कामाला होती. बियाण्याचे दाणे ओल्या कागदात गुंडाळायचे, ठरलेल्या उबेत ठेवायचे, आणि कोंब किती आले ते बघायचं, हे तिचं काम. भेंडीचं बी या कामात फार फसवतं. बाकीच्यांना कोंब येतात, काही दाणे तसेच टणक पडून राहतात. नवखा माणूस त्यांना मेलेलं समजून फेकून देतो. पण त्यांचं टरफल जरा घासून पुन्हा ओल्यात ठेवलं की त्यातले बरेचसे उगवतात. बी जिवंतच असतं, पाणी आत पोचलेलं नसतं. म्हणून कोंब आला नाही की रेणुका आधी बियाला दोष देत नसे, आपण लावलेली चाचणी तपासत असे.

त्या दिवशी कागदाची गुंडाळी उलगडता उलगडता तिच्या मनात आलं, की नाव दिसत नाही म्हणून आपण सगळे नावाकडेच बघतोय. बघणाऱ्याकडे कुणी बघितलंच नाही.

ती तडक अर्पिता मॅडमकडे गेली. कारखान्याचे सगळे संगणक अर्पिताच्या ताब्यात होते.

"रेणुका, तिसऱ्यांदा सांगते," अर्पिता वैतागली. "गेटवरून तक्रार आली की मी प्रत्येक वेळी शोधलंय. तुझं नाव डिरेक्टरीत, कंपनीच्या नावांच्या यादीत, आहे. हे बघ." तिने नाव टाकलं आणि रेणुकाचा फोटो झटक्यात समोर आला. "माझ्याकडे तर बरोबर दिसतंय."

"तुमच्याकडं दिसतंय. गेटवर न्हाई."

"संगणक वेगळा आहे, डिरेक्टरी एकच आहे."

"डिरेक्टरी एक, पण बघणारे दोन हायेत ना? मॅडम, एकाच पोत्यातलं बी दोन ठिकाणी वेगळं उगवलं, तर मी पोत्याला नावं ठेवत न्हाई. तुम्ही गेटवाल्याच्या लॉगिननं बघितलं का कधी?"

 अर्पिताने कधीच तसं बघितलं नव्हतं. दर वेळी तक्रार गेटची आणि तपासणी मात्र स्वतःच्या लॉगिनने, जे सगळंच बघू शकतं. तिने गेटच्या लॉगिनने प्रवेश केला आणि रेणुकाचं नाव पुन्हा टाकलं.

पडद्यावर उत्तर आलं, असं कुणी नाही.

"अगं बाई!" अर्पिता म्हणाली, आणि मग तिने त्या लॉगिनच्या परवानग्या एकेक करून तपासल्या. शेवटी खुर्ची रेणुकाकडे वळवली.

"कंपनीची डिरेक्टरी म्हणजे कप्पे असलेलं कपाट समज. एक कप्पा हंगामी कामगारांचा, एक कायम कामगारांचा. गेटचं लॉगिन तयार केलं तेव्हा या गेटने येणारे झाडून सगळे हंगामी होते, म्हणून त्याला फक्त हंगामी कप्पा उघडायची परवानगी दिली. कायम कप्पा त्याला दिसतच नाही. आणि गंमत बघ, आपल्याला एक कप्पा दिसत नाही, हेही त्याला कळत नाही. त्याचा शोध कुठे अडला असता तर लाल अक्षरात चूक दाखवली असती, मी लगेच धावले असते. पण त्याला जेवढं दिसतं तेवढं सगळं ते शोधतं आणि बिनधास्त नाही म्हणून मोकळं होतं."

"मंग माझं नाव त्या दुसऱ्या कप्प्यात कशानं गेलं?"

अर्पिता हसली. "अजून कुणाला सांगायचं नव्हतं. मुख्य ऑफिसने जुन्या कामगारांना कायम करायचं ठरवलंय. दिवाळीनंतर थोडी थोडी नावं तिकडे हलवतायत. महिनाअखेरीला जे त्या कप्प्यात असतील, त्यांना कायमची ऑर्डर मिळेल. तू कायम झाली आहेस."

 घरात रेणुकाच्या नावाने रडारड चालली होती ती या बातमीवर! मग तिला एकदम काहीतरी आठवलं.

"सोनूबाईचं नाव कसं काय परत आलं मंग?"

अर्पिताने शोधलं. सोनूबाई हंगामी कप्प्यात होती. दरबारात ज्यांची ज्यांची नावं परत आली होती, ती सगळी माणसं हंगामी कप्प्यात होती.

"मुख्य ऑफिसने यांना कायमकडे पाठवलं होतं, मला पक्कं आठवतं," अर्पिता म्हणाली. "कुणीतरी परत ओढलंय. इथून नाव हलवायचा अधिकार दोघांनाच आहे. एक मी. दुसरा कामगार विभागातला बबलू."

बबलू हा मुकादम काकासाहेबांचा सख्खा पुतण्या. आणि काकासाहेब हंगामी माणसं पुरवत, दर माणसामागे कमिशन घेत. माणूस कायम झाला की ते कमिशन बंद. मुकादमाचा हात सोडू नका! महाराज दक्षिणा का घेत नाहीत, ते रेणुकाला आता कळलं. ती दुसरीकडून येत होती. ज्या नावासाठी लोक नारळ फोडत होते, ते परत आलं की त्यांची पक्की नोकरी जात होती, आणि वर ते पायावर डोकं ठेवत होते. 

दोघींनी जाऊन प्लांट मॅनेजरना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "बबलूचे अधिकार आत्ताच काढून घ्या, नावं मागे न्या, गेटला परवानगी द्या. संपला विषय."

"साहेब, संपत न्हाई," रेणुका म्हणाली. "उद्या सकाळी सगळी नावं आपोआप दिसायला लागली, तर लोक म्हणतील महाराजांची कृपा झाली. त्या शेडवर कळस चढंल. हे गेटवरच उघडं पाडावं लागंल, सगळ्यांच्या म्होरं." आणि तिने एक युक्ती सांगितली. मॅनेजर हो म्हणाले.

शनिवारी सकाळी रेणुका सासूला आणि नवऱ्याला घेऊन गेटवर आली. महाराजांकडे जायच्या आधी एवढं बघा, मग मी येते, असं तिने कबूल केलं होतं. पाळी बदलायची वेळ होती. टेम्पो रिकामे होत होते, रांग लांबली होती. काकासाहेब नेहमीच्या ऐटीत आले. आत जायचं तर त्यांचंही नाव साहेबरावांना टाकावं लागे. साहेबरावांनी टाकलं, पुन्हा टाकलं, आणि ते खुर्चीतून उठले.

"मुकादम... तुमचं नाव न्हाई दाखवत."

रांग एका दमात मागे सरली. "अरं देवा!" सोनूबाई कळवळून पुढे आली. "मुकादम, आल्या पावली घरी जा! गाडीवर बसू नका!"

"काही होत न्हाई गं," काकासाहेब हसले. "साहेबराव, सोड आत. मला जल्दी हाये."

"मुकादम, हसताय काय?" रेणुका मोठ्याने म्हणाली. "आम्हा बायांची नावं गेली तवा तुम्हीच म्हणलात, महाराजांकडं जा. तुमचा जीव काय जीव न्हाई? बोलवा रे महाराजांना!"

चार पोरं धावली आणि महाराजांना घेऊनच आली. काकासाहेबांना बघून महाराज जरा गोंधळले, पण नारळ हातात आला की त्यांची गाडी आपोआप सुरू होई. "नाम है तो..." त्यांनी नारळावर फुंकलं. काकासाहेबांनी गेटशेजारच्या खोलीत बसलेल्या बबलूला डोळ्याने खुणावलं. बबलूने बटणं दाबली, पुन्हा दाबली, आणि मान हलवली. त्याचे अधिकार गेले होते, हे त्याला आत्ता समजत होतं.

"वरती लाइन बिझी हाये," महाराज घाम पुसत म्हणाले. "टाइम लागंल."

"बराबर हाये," रेणुका म्हणाली. "मुकादम, तवर घरी बसा. आम्हीबी बसलो. आन् तुमच्या घरच्या गड्यांनाबी सांभाळा, बिननावाचा माणूस घरात धोक्याचा असतो म्हणं."

रांगेतले लोक हात जोडून त्यांना घरी जायची विनवणी करू लागले. कुणी त्यांच्या गाडीची चावीच काढून घेतली. पलीकडे दुसऱ्या कारखान्यासाठी माणसांनी भरलेले दोन टेम्पो हॉर्न वाजवत होते. शेवटी काकासाहेबांचा तोल गेला.

"अरे, कशाचा जीव घेऊन बसलात! नाव न दिसल्यानं कुणी मरतंय का? ए बबल्या, बघत काय बसलास! ओढ ना ते नाव हंगामीत, ह्या सगळ्यांची ओढली तसं!"

तोंडातून शब्द गेला आणि मागे सरलेली रांग पुन्हा पुढे आली. 

"आमची ओढली म्हंजी?" सोनूबाईने विचारलं. ती महाराजांकडे बघत होती. महाराज आपल्या चपला शोधत होते.

मग रेणुका दगडी ओट्यावर चढली आणि तिने सगळं सांगितलं. कप्पे सांगितले, गेटची आंधळी परवानगी सांगितली, बबलूची ओढाओढ आणि मुकादमाचं कमिशन सांगितलं. काकासाहेबांचं नाव काल अर्पिता मॅडमनी मुद्दाम कायम कप्प्यात ठेवलं होतं, तेही सांगितलं. "आपल्याला भ्या वाटलं, कारण आपल्याला ठाऊक न्हवतं. मुकादमाला भ्या वाटलं न्हाई, कारण त्याला समदं ठाऊक होतं."

"पर रामकिसन तर गेला ना?" साखराबाई गर्दीतून म्हणाली. 

रेणुकाने अर्पिताचा लॅपटॉप साहेबरावांच्या पुढे ठेवला. "मामा, ह्याच्यात रामकिसनचं नाव टाका."

साहेबरावांनी टाकलं. रामकिसनचा हसरा फोटो समोर आला, खाली कायम असं लिहिलेलं.

"आता माझं नाव गेटच्या मशिनीत टाका."

नाव आलं नाही.

"बघा आत्या. गेलेला माणूस हितं हाजीर, आन् मी जित्ती तुमच्याम्होरं उभी, ती गैरहजर. हे मशीन यमाचं असतं तर एवढं तरी बराबर असतं! रामकिसन गेला तो अंधारात बिनदिव्याची ट्रॉली रस्त्यात उभी होती म्हणून. आपण समद्यांनी मशिनीचं नाव घेतलं, चित्रगुप्ताचं घेतलं. त्या ट्रॉलीवाल्याला मागं लाल दिवा का न्हाई, हे एकानंबी विचारलं न्हाई. ती ट्रॉली आजबी तशीच रस्त्यावर उभी ऱ्हाती."

साखराबाई खाली बघू लागली. रामेश्वर पुढे होऊन बायकोच्या शेजारी उभा राहिला. त्याने महाराजांची वाट अडवली होती. मॅनेजरनी पोलिसांना फोन केला होता आणि जादूटोणाविरोधी कायद्याखाली तक्रार द्यायला साहेबराव स्वतः तयार झाले.

"उद्या दुसरा कुणी येईल," रेणुका म्हणाली. "तो मशिनीचं न्हाई, दुसऱ्या कशाचं भ्या घालील. पैसा घेत न्हाई म्हणून त्याला साधू म्हणू नका. एखादी गोष्ट दिसत न्हाई असं कुणी सांगितलं, तर आधी विचारा, कुणी बघितलं, कशातून बघितलं, त्याला बघायला कितपत मोकळीक होती. आन् दोन ठिकाणी ताडून बघा. एवढं केलं तर नारळ फोडायची येळ येत न्हाई."

"मॅडम," सोनूबाईने अर्पिताला विचारलं, "माझं कायम गेलं का मंग?"

"महिना संपायला अजून अवकाश आहे. आत्ता तुमचं नाव परत तिकडे ठेवते. फक्त दोन मिनिटं थांबा, आधी गेटला परवानगी देते, म्हणजे नाव इथेही दिसेल. नाहीतर पुन्हा गायब व्हायचं."

सोनूबाईने लॅपटॉपकडे पाहिलं, महाराजांकडे पाहिलं, आणि पदर कमरेला खोचला.

"होऊ द्या गायब," ती म्हणाली. "आधी मला तिकडं टाका."

अर्पिताने बटण दाबलं. साहेबरावांनी गेटच्या मशिनीत सोनूबाईचं नाव टाकलं. असं कुणी नाही, असं उत्तर आलं. सोनूबाईने ते मोठ्याने वाचायला लावलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं, आणि रेणुकाचा हात धरून गेटातून आत कामाला गेली. तिच्यामागे ज्यांची ज्यांची नावं दिसत नव्हती ते सगळे एकेक करून आत गेले.